पोलंडात फोडणी पोचलेली नाही

१५ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार. रुवैस, अबू धाबी.

दिवाळी संपली. सूड सुरू.

काल क्लबात मराठी मंडळींचं फराळ-संमेलन झालं. माझ्या चकल्यांचं ताट टेबलावर टेकतं न टेकतं तोच प्रमिला मोठ्याने म्हणाली, "अहो, काकूंच्या चकल्या ज्यांना स्वतःचे दात आहेत त्यांनीच घ्या हं!" अख्खा हॉल हसला. माझा मुलगा सुजीत हसला. सून मुग्धा तोंडाला पेपर नॅपकिन लावून हसली. नात शुभ्रा सगळ्यांत शेवटी हसली, कारण नऊ वर्षांच्या त्या मुलीला विनोद आधी इंग्रजीत समजावून सांगावा लागला. समजावणारीही प्रमिलाच.

शिवाय 'काकू'. प्रमिला छप्पन्न वर्षांची आहे. मी एकसष्ट. पाच वर्षांच्या अंतराने कोणी कोणाची काकू होत नाही.

टेलिफोन खात्यात ट्रंक एक्स्चेंजची सुपरवायझर होते मी. कलेक्टरला होल्डवर ठेवलं आहे. ही कोण? सुजीतच्या साहेबांची बायको. विजयकुमार रिफायनरीत सेक्शन हेड, ही उरलेल्या गावात.

आजपासून प्रमिलाशी बोलणं बंद. कायमचं.

१६ नोव्हेंबर

को-ऑपमध्ये प्रमिलाशी बोलावं लागलं. कोथिंबिरीची शेवटची जुडी तिच्या हातात होती. "घ्या काकू, तुम्हीच घ्या," म्हणून माझ्या ट्रॉलीत टाकली. सगळ्यांसमोर उपकार. याचाही हिशेब होईल.

रुवैसमध्ये सूड घेणं अवघड आहे. एक को-ऑप, एक क्लब, एक क्लिनिक. बाकी वाळवंट आणि रिफायनरीची ज्योत. ज्याला टाळायचं तो दिवसातून दोनदा भेटतो.

१८ नोव्हेंबर

मार्ग सापडला.

दोन डिसेंबरला नॅशनल डे. देशाला पंचवीस वर्षं होतात म्हणून क्लबात यंदा मोठा फूड इव्हिनिंग आहे. प्रत्येकीने एकेका देशाचा स्टॉल लावायचा. प्रमिला दर वर्षी इटली लावते, म्हणजे गरम मसाल्याची मॅकरोनी. मी पोलंड लावणार. पोलिश जेवण इथे कोणी चाखलेलं नाही, त्यामुळे चूक काढणार कोण? हा विचार आंघोळीत सुचला. मला मोठे विचार तिथेच सुचतात.

समोरच्या ब्लॉकमध्ये दानुता राहते. नवरा मारेक इंजिनिअर. आज सरळ तिच्या दाराची बेल दाबली. सांगितलं, पोलिश लोकांशी माझा जुना संबंध आहे. खोटं नाही. युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. बाबा तिथे दूध पुरवणाऱ्या डेअरीत क्लार्क होते. एकदा त्यांच्याबरोबर गेले असता एका गोऱ्या बाईने मला उकडलेला बटाटा दिला होता. म्हणजे पोलिश जेवण मी वयाच्या आठव्या वर्षापासून जाणते.

दानुताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या आईची कोणी मावसबहीण अशाच छावणीत वाढली म्हणे. तिने विचारलं, बटाट्यावर काय घातलं होतं? मला आठवेना. शेपू, म्हटलं. ती पुन्हा रडली.

शेपू बरोबर निघाला. मला याचं आश्चर्य वाटलं नाही.

१९ नोव्हेंबर

दानुताकडे पहिला धडा. खायलाच हवेत असे पोलिश पदार्थ तिने एकेक करून सांगितले. माझी मतं:

पिएरोगी. बटाटा आणि पनीर भरून उकडलेली करंजी. वर कांदा. ठीक.

प्लात्स्की. बटाट्याचं थालीपीठ, मिरची विसरलेलं.

गोवोंप्की. कोबीच्या पानात भात गुंडाळून शिजवतात. भाताला एवढं लपवण्यासारखं काय आहे?

बार्श्च. बिटाचं आंबट सूप. रंग राणी, चव औषध.

झुरेक. राय नावाच्या धान्याचं पीठ पाण्यात भिजवून चार-पाच दिवस आंबवायचं. ही आमची आंबील. त्यांनी कधी उचलली, कळायला मार्ग नाही.

बिगोस. कोबीत सात प्रकारचं मांस. नुसतं ऐकलं.

एकंदरीत सगळे पदार्थ आपलेच. पोलंडात फक्त फोडणी पोचलेली नाही. ती मी पोचवणार.

दानुताच्या टेबलावर काचेच्या बोलमध्ये चकल्या दिसल्या. बघताक्षणी ओळखल्या. पाच वेढे, शेवटी गाठ: माझ्या! फराळाच्या दिवशी क्लबातून माझा उरलेल्या चकल्यांचा डबा नाहीसा झाला होता. दानुता म्हणाली, तिच्याबरोबर सकाळी वॉकला एक इंडियन मैत्रीण येते तिने दिल्या, "अशा चकल्या रुवैसमध्ये दुसरं कोणी करत नाही" असं सांगून. मैत्रीण फार प्रेमळ, मोठ्याने हसते. अशी प्रेमळ इंडियन बाई या गावात माझ्या माहितीत नाही. कोणी मल्याळी नर्स असावी. प्रेमळ असेल, पण चोरटी आहे.

दानुता चकली सूपमध्ये दहा मिनिटं बुडवून मग खाते. पोलिश पद्धत असेल.

२३ नोव्हेंबर

झुरेकची बरणी सिंकखाली ठेवली होती. मुग्धाने फेकून दिली. म्हणे, "आई, त्यात काहीतरी मेलं होतं." तिला सांगितलं, युरोपात याला कल्चर म्हणतात. ती म्हणाली, क्लिनिकमध्येही कल्चरच म्हणतात, आणि ते फेकतातच.

सून प्रमिलाच्या गटात गेली आहे. नोंद घेतली.

२६ नोव्हेंबर

पिएरोगीची रंगीत तालीम. शुभ्राने एक उचलली, उलटसुलट केली, म्हणाली, "आजी, धिस मोदक इज सॅड." अर्धी खाल्ली. मग प्रमिला आँटीकडे गेली. शाळा सुटली की रोज तिथेच असते. त्यांच्याकडे कार्टूनचं चॅनेल आहे, आणि पुऱ्या.

सूड खरा कशासाठी घ्यायचा ते एकदा इथे लिहून ठेवते, विसरायला नको. चकलीसाठी नव्हे. चकली निमित्त. माझी नात संध्याकाळी सहाला दुसऱ्या बाईच्या दारातून "बाय आँटी, लव्ह यू" म्हणत येते आणि माझ्या घरात "हाय आजी" म्हणते. व्हिसा डिसेंबरअखेर संपतोय. त्याच्या आत हे उलटं झालं पाहिजे.

सुजीत व्हिसा वाढवेलच. अजून बोललेला नाही. मला सरप्राइज द्यायचं असेल.

२ डिसेंबर, नॅशनल डे

फूड इव्हिनिंग. सविस्तर लिहिण्याची इच्छा नाही.

थोडक्यात. पिएरोग्या पाण्यात फुटल्या. मी डगमगले नाही. मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची यांची खमंग फोडणी दिली आणि पाटीवरचं नाव खोडून 'पोलिश आमटी' लिहिलं. बार्श्चचा एक डाग विजयकुमारांच्या पांढऱ्या शर्टावर पडला. तो योगायोग होता. पण वाईट वाटलं नाही.

दानुताचा नवरा मारेक आला, चमचाभर खाल्लं, डोळे मिटून उभा राहिला. मायदेश आठवला असणार. मग त्याने पाणी मागितलं. मग आणखी पाणी मागितलं.

प्रमिला स्वतःच्या स्टॉलवरून ओरडत होती, "इटली रोजचीच आहे, आधी काकूंच्या पोलंडला जा, यल्ला, चला!" माणसं ढकलून पाठवत होती. किती हा कावेबाजपणा! आमटी सगळ्यांनी चाखावी आणि माझी शोभा व्हावी एवढाच हेतू. तिची मॅकरोनी तशीच राहिली. दुसऱ्याचं नाक कापायला स्वतःचा स्टॉल बुडवणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिलं बक्षीस फिलिपिनो नर्सेसना. मला सहभागाबद्दल थर्मास.

५ डिसेंबर

देव आहे.

दानुताने मला चोवीस तारखेला जेवायला बोलावलं आहे. ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्यात सर्वांत मोठं जेवण असतं आणि त्या दिवशी मांस वर्ज्य! बारा पदार्थ. मासा असतो, तो मी बघणार नाही. वळिवड्याच्या बटाट्याची ती परतफेड करते आहे. रुवैसमधल्या एकाही मराठी बाईला असं आमंत्रण आलेलं नाही, हे मी गृहीत धरते.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या हलिमाला सांगितलं. हलिमा रत्नागिरीची, तिचे यजमान जहूर इथे कॅन्टीन सांभाळतात. तिला एखादी गोष्ट 'कोणाला सांगू नकोस' म्हणून सांगितली की ट्रंक कॉलपेक्षा लवकर पोचते.

६ डिसेंबर

पोचली. प्रमिला को-ऑपमध्ये म्हणाली, "अरे वा काकू, मजा आहे तुमची! बिटाच्या सूपमध्ये छोटे मोदक असतात ते सोडू नका." जळून खाक झाली होती, चेहऱ्यावर फक्त दाखवत नव्हती.

तिला ते मोदक कसे माहीत? पुस्तकात वाचले असतील.

११ डिसेंबर

दानुता उदास. त्या जेवणात खसखशीचा रोल लागतो, माकोव्हिएत्स. खसखशीशिवाय ख्रिसमस नाही म्हणे. आणि या देशात खसखस मिळत नाही. मी म्हटलं, डोन्ट वरी, मी आहे. लगेच कोल्हापूरला बहीण आशाला फोन करून पाव किलो खसखस कुरिअर करायला सांगितली.

दुपारी जेवताना सहज बोलले. सुजीतच्या हातातली पोळी खाली पडली. खसखस इथे ड्रग्जमध्ये धरतात! त्याने तिथल्या तिथे आशाला फोन लावला. पुडी कुरिअरला द्यायला मेहुणे चपला घालत होते. सुजीत ओरडत होता, "मावशी, परत ठेव! डब्यात ठेव! झाकण लाव!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, अख्खं कुटुंब आत गेलं असतं. खलास!"

मला कोणी सांगितलं होतं? विमानात पाटी लावायला नको?

१२ डिसेंबर

पहाटे उठून बसले. प्रमिलाचे अनारसे!

दिवाळीत तिने डबाभर पाठवले होते. पांढरे बारीक दाणे चिकटलेले. खसखस! म्हणजे ही सेक्शन हेडची बायको राजरोस गुन्हा करते आहे आणि मी तीन आठवडे पिएरोग्या लाटत बसले. आता एक फोन पुरे. फोनची ताकद मला कोणी शिकवायला नको.

मुग्धाच्या फ्रीजरमध्ये चार अनारसे उरले आहेत. पुरावा. आज त्यांना कोणी हात लावायचा नाही असं सांगितलं आहे.

सायंकाळी. हलिमाला दाखवले, शपथ घालून. ती हसत सुटली. "काकी, हा राजगिरा! खसखस इथं आणतंय कोण? पहिल्या आठवड्यात आलेल्या पोरीला पण ठाऊक असतं." भिंग घेऊन पाहिलं. राजगिरा. चोख राजगिरा.

इतकी सावध बाई धोकादायक असते.

पुरावा खाऊन टाकला. चांगला होता. हे लिहायला नको होतं.

१८ डिसेंबर

सुजीतने तिकीट आणलं. अठ्ठावीस तारीख, दुबई-मुंबई. मी म्हटलं, व्हिसा वाढतो ना? म्हणाला, "पुढच्या वर्षी नक्की ये आई, इन्शाल्ला." इन्शाल्ला म्हणजे या देशात 'नाही'चं सभ्य रूप, एवढं मला दोन महिन्यांत कळलं आहे.

म्हणजे उरली फक्त चोवीस तारीख. दानुताला विचारलं, नातीला आणू का? आनंदाने हो म्हणाली. शुभ्रा माझ्याशेजारी परकर-पोलक्यात बसेल, बारा पदार्थ खाईल, आणि दुसऱ्या दिवशी पुऱ्यांच्या घरी जाऊन सगळं सांगेल. हा सूड मला पुरेल.

२३ डिसेंबर

शुभ्रा येत नाही. प्रमिला आँटी केक करायला शिकवणार आहे. "सॉरी आजी, आय प्रॉमिस्ड."

एकटी जाईन. राणीसारखी. पैठणी इस्त्री केली.

२५ डिसेंबर, सकाळ

जसं घडलं तसं लिहिते.

आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही, अशी त्यांची रीत. आम्ही बाल्कनीत उभे. रिफायनरीच्या ज्योतीने अर्धं आकाश नारिंगी. मीच चांदणी प्रथम दाखवली. ती अबू धाबीकडे वळली आणि दिवे मिचकावत गेली. मारेकला भूक लागली होती, त्याने ती चांदणीच धरली.

टेबलावर पांढरी चादर, तिच्याखाली रीतीचं चिमूटभर गवत. माणसं तीन, ताटं चार. मी विचारलं, चौथं कोणाचं? दानुता म्हणाली, अचानक येणाऱ्या पाहुण्याचं. आजच्या दिवशी दारात कोणीही आलं, अगदी कोणीही, तरी त्याला बसवून घ्यायचं. मी म्हटलं, वंडरफुल! आमच्यातही अतिथी देव असतो. या विषयावर मी बरंच बोलले. कॉन्व्हेंटमध्ये एलोक्यूशनला पहिली यायचे.

मग तिने चर्चमधल्यासारखी पांढरी पातळ वेफर काढली. जेवणाआधी प्रत्येकाने दुसऱ्याच्या वेफरचा तुकडा मोडून घ्यायचा, आपला द्यायचा आणि त्याचं भलं चिंतायचं. मनात अढी ठेवून या ताटावर बसता येत नाही. मी म्हटलं, हा तर आमचा तिळगूळ. (संक्रांतीला मी कोल्हापुरात आणि प्रमिला इथे असते, त्यामुळे कधी अडचण आलेली नाही.)

तेवढ्यात बेल वाजली.

दारात प्रमिला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात शुभ्रा. शुभ्रा परकर-पोलक्यात.

प्रमिला दारातूनच म्हणाली, नाही नाही, बसत नाही, फक्त रोल द्यायला आले, आणि ही पोरगी केक अर्धा टाकून 'आजी एकटी गेली' म्हणून रडत होती, तिला सोडायला आले. दानुताने तिला हाताला धरून आत ओढलं आणि चौथ्या ताटावर बसवलं. माझ्या शेजारी. शुभ्रासाठी पाचवं ताट आलं. मग दानुता माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाली, हीच माझी वॉकची मैत्रीण, चकल्यांची!

मल्याळी नर्सची मी मनातल्या मनात माफी मागितली.

डब्यात माकोव्हिएत्स. खसखशीच्या जागी राजगिरा आणि खोबरं. दानुता पुन्हा रडली. ही बाई फार रडते.

आणि वेफर. प्रमिला तिची माझ्यापुढे धरून बसली. मी चादरीखालून डोकावणाऱ्या गवताकडे बघत होते. शुभ्रा म्हणाली, "आजी, यू हॅव टू मीन इट. इट्स द रूल."

मी मोठा तुकडा मोडला. मुद्दाम मोठा.

प्रमिला मराठीत म्हणाली, "काकू, पुढच्या दिवाळीला या. चकल्या तुम्हीच करा. तुमचा डबा मीच पळवला होता, काय करणार? माझे दात आहेत अजून." आणि मोठ्याने हसली. मला तिला काहीतरी सूचक, झोंबणारं बोलायचं होतं, तयारही होतं. "तुझं बरं होवो" एवढंच बाहेर आलं. तोंडात वेफर असताना लांब बोलता येत नाही.

बिटाच्या सूपमधले छोटे मोदक खरंच चांगले होते. शुभ्राने माझ्या वाटीतले दोन पळवले.

२७ डिसेंबर

शेवटची संधी आज चालून आली. प्रमिला भाजणीचं प्रमाण विचारायला आली. मी ठरवलं, मोहन दुप्पट सांगायचं. चकल्या तेलात विरघळतील, सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल.

प्रमाण बरोबर सांगितलं गेलं. सोऱ्याही दिला. माझ्या नावाने वाईट चकली रुवैसमध्ये फिरणं मला परवडणारं नाही, दुसरं कारण नाही. जाताना म्हणाली, "येते हं, लतिकाताई." पाच वर्षांच्या अंतराला ताईच योग्य. वेळ लागला, पण शिकली.

१६ जानेवारी १९९७. कोल्हापूर.

शुभ्राचा फोन. रात्री जेवताना ती आता एक जास्तीचं ताट मांडते. अनएक्स्पेक्टेड गेस्टसाठी. "दॅट्स यू, आजी." मी म्हटलं, मी गेस्ट? माझ्या मुलाच्या घरात? आणि विमानाने येणारी बाई अचानक कशी येईल? ती म्हणाली, "जस्ट कम, ना."

लाइन खरखरत होती, मी रिसीव्हर पदराने पुसून घेतला. एक्स्चेंजचा दोष.

मग तिने बातमी दिली. संक्रांतीला प्रमिलाने माझ्या भाजणीच्या चकल्या केल्या. अगदी माझ्या प्रमाणाने, माझ्याच सोऱ्याने. "एक्झॅक्टली लाइक युअर्स, आजी. नोबडी कुड बाइट इट!" मागून प्रमिलाचं हसणं ऐकू येत होतं.

मुद्दाम बिघडवल्या. उघड आहे. प्रमाणात दोष नाही हे सिद्ध करायला मी लगेच आशाच्या सोऱ्याने स्वतः घाणा काढला. पाच वेढे, शेवटी गाठ. गार होऊ दिल्या. बहीण आशाला साक्षीला बसवलं आणि तिच्यासमोर एक चावली.

खालची डावी दाढ.

डेंटिस्टनी उद्या अकराला बोलावलं आहे. फोनवर विचारत होते, काय खाल्लंत? पोलिश पदार्थ, म्हटलं.